व्हिंटेज ट्यूब बसवली की महिन्याभरात पुन्हा शिट्टी: दोष ट्यूबचा की तिच्या जागेचा?

लक्षण असं आहे. जुन्या साठ्यातली, न वापरलेली १२एएक्स७ (गिटार ॲम्पमधली काचेची छोटी व्हॅक्यूम ट्यूब) आणून ॲम्पच्या पहिल्या जागी, म्हणजे गिटारचा सिग्नल सगळ्यात आधी जिथे पोचतो तिथे, बसवली की पहिल्या दिवशी ती अप्रतिम वाजते. तीन-चार आठवडे जातात. मग एखादा सूर हाताने थांबवल्यावर त्याच्या मागे एक बारीक, काचेवर नख मारल्यासारखा नाद रेंगाळायला लागतो. आवाज वाढवला की तो नाद आपोआप फुगत जातो आणि त्याची शिट्टी होते. ट्यूब बदलली की सगळं ठीक. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

माझ्या कॉम्बो ॲम्पमध्ये (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) अकरा महिन्यांत अशा तीन ट्यूब ‘गेल्या’. तिन्ही जुन्या, तिन्ही मोठ्या कष्टाने मिळवलेल्या. तिसरी गेली तेव्हा मी चौथीच्या शोधाला लागलोही होतो, आणि मग एक साधा प्रश्न पडला. प्रीॲम्प ट्यूब, म्हणजे गिटारचा कमजोर सिग्नल सुरुवातीला वाढवणारी ट्यूब, इतक्या लवकर मरते का? स्पीकर चालवणाऱ्या पॉवर ट्यूबमधून भरपूर प्रवाह जातो, ती तापते, झिजते. प्रीॲम्प ट्यूबच्या एका बाजूतून जेमतेम १ मिलिॲम्पिअर जातो. अशी ट्यूब वर्षानुवर्षं चालते. औद्योगिक कामांसाठी बनवलेल्या काही खास मालिकांना तर उत्पादक १०,००० तासांचं आयुष्य सांगत. दर दोन-तीन महिन्यांनी प्रीॲम्प ट्यूब खराब होत असेल, तर ट्यूब बदलत राहणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. मी वर्षभर हेच केलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून तपासणीचा सगळा क्रम इथे मांडतो आहे.

आधी सुरक्षितता

प्रीॲम्प ट्यूब बाहेरूनच काढता-घालता येतात, त्यासाठी चॅसी (सर्किट बसवलेली पत्र्याची पेटी) उघडावी लागत नाही. बदलण्याआधी ॲम्प बंद करा, प्लग काढा, ट्यूब गार होऊ द्या. चॅसीच्या आत मात्र ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कॅपॅसिटरांमध्ये ते टिकून राहू शकतात. हा दाब जीव घेऊ शकतो. कॅपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करून मीटरवर शून्य बघण्याची सवय नसेल, तर पुढे जिथे चॅसीच्या आतलं काम येईल ते जाणकार तंत्रज्ञाकडून करून घ्या. आणि स्पीकर जोडलेला नसताना ट्यूब ॲम्प वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

ट्यूबला हात लावण्याआधी

शिट्टी चालू असताना गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. शिट्टी थांबली तर ट्यूब निर्दोष असण्याची शक्यता मोठी आहे. मेणात नीट न बुडवलेला पिकअप अशीच शिट्टी घालतो, आणि लोक बिचाऱ्या ट्यूबला दोष देतात.

शिट्टी थांबली नाही तर गिटारची केबल काढा आणि चॅनलचा व्हॉल्यूम हळूहळू कमी करा. व्हॉल्यूमबरोबर आवाज कमी झाला तर उगम व्हॉल्यूमच्या अलीकडे, म्हणजे त्या चॅनलच्या पहिल्या ट्रायोडमध्ये (ट्यूबच्या दोन बाजूंपैकी एकीत) आहे. व्हॉल्यूम शून्यावर असूनही आवाज तसाच राहिला तर उगम पलीकडे आहे आणि पहिल्या जागेवर कितीही महागडी ट्यूब घातली तरी काही उपयोग नाही. एवढी एक चाचणी मी सुरुवातीलाच नीट केली असती तर बरेच महिने वाचले असते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘व्ही१ ही सगळ्यात महत्त्वाची जागा’ हे वाक्य (व्ही१, व्ही२ हे ट्यूबच्या जागांचे क्रमांक) सगळीकडे ऐकू येतं आणि ते अर्धंच खरं आहे. महत्त्वाची असते ती तुम्ही ज्या चॅनलमध्ये गिटार लावता त्या चॅनलची पहिली ट्यूब. दोन चॅनलांच्या, रिव्हर्ब-ट्रेमोलो असलेल्या जुन्या अमेरिकन आराखड्यात व्ही१ साध्या चॅनलची असते आणि रिव्हर्बच्या चॅनलची पहिली ट्यूब व्ही२. रिव्हर्ब चॅनल वाजवणाऱ्याने व्ही१ कितीही वेळा बदलली तरी त्याच्या आवाजात फरक पडणार नाही. ॲम्पच्या आत किंवा मागे चिकटवलेला ट्यूबचा तक्ता बघा, आणि त्याच्याशी जुळवूनच पुढचं काम करा.

आता शिट्टीचा प्रकार ओळखायचा. ट्यूबमधले भाग हलल्यामुळे होणारी शिट्टी ही एक साखळी असते. स्पीकर हादरतो, त्या हादऱ्याने ट्यूबमधला ग्रिड (बारीक तारांची जाळी) थरथरतो, त्या थरथरीचा सिग्नल होतो, तो पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतो. ही साखळी तोडून बघायची. ॲम्प बंद करा, त्याच ओहमचं दुसरं कॅबिनेट लांब केबलने दुसऱ्या खोलीत ठेवून कॉम्बोच्या स्पीकरऐवजी ते जोडा आणि मग ॲम्प चालू करा. शिट्टी गेली तर कारण हादरा आहे. दुसऱ्या खोलीतूनही शिट्टी तशीच येत असेल तर सर्किट स्वतःच आंदोलन करतं आहे. वायरींची मांडणी बिघडली आहे, अर्थिंग सैल आहे किंवा फिल्टर कॅपॅसिटर थकला आहे. जास्त गेनची, म्हणजे सिग्नल जास्त पटीने वाढवणारी, ट्यूब घातल्यावर असं ॲम्प काठावरून पलीकडे जातं, म्हणून दोष ट्यूबचा वाटतो.

माझ्याकडे शिट्टी गेली. म्हणजे हादरा.

पेन्सिलची चाचणी, पण नीट

ॲम्प चालू, गिटार नाही, व्हॉल्यूम नेहमीच्या वाजवण्याइतका. लाकडी पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने एकेक ट्यूबवर हलकं टिचकवायचं. बरेच जण इथेच चुकतात, कारण पहिल्या जागेवरची कुठलीही ट्यूब टिचकवली तरी स्पीकरमधून ‘टुक’ असा आवाज येतोच. पहिल्या ट्रायोडनंतर अजून दोन-तीन टप्पे तो आवाज वाढवत असतात. तो ‘टुक’ लगेच विरला तर ट्यूब ठीक. टिचकीनंतर ‘टिंग’ होऊन नाद लांबत गेला, किंवा हात काढल्यावरही वाढत गेला, तर ती ट्यूब त्या जागेसाठी बाद. आवाज किती मोठा आला यापेक्षा तो किती वेळ रेंगाळला हे ऐका.

यासाठी एक संदर्भ-ट्यूब हाताशी ठेवा. नव्या उत्पादनातली, साधी, आखूड प्लेटची (प्लेट म्हणजे ट्यूबच्या आतला बाहेरचा पत्रा), शांत असल्याची खात्री असलेली १२एएक्स७. जिच्यावर संशय आहे तिच्या जागी ही घालायची. दोष गेला तर तो त्या ट्यूबमध्ये होता. दोष त्याच जागी राहिला तर तो सॉकेटमध्ये किंवा सर्किटमध्ये आहे. संशयित ट्यूब नंतर दुसऱ्या ॲम्पमध्ये, शक्यतो स्पीकर वेगळा असलेल्या हेडमध्ये, लावून बघायची. ही पायरी मी वर्षभर टाळली होती. केली तेव्हा माझ्या तीन ‘मेलेल्या’ ट्यूबपैकी दोन हेडमध्ये अगदी शांत वाजल्या.

मला सापडलेलं कारण

जुन्या पद्धतीच्या बऱ्याच कॉम्बोंमध्ये चॅसी वर बसवलेली असते आणि ट्यूब खाली डोकं करून टांगलेल्या असतात. प्रत्येक प्रीॲम्प ट्यूबवर पत्र्याची टोपी असते, तिला शील्ड म्हणतात. विद्युत गोंगाट रोखणं हे तिचं एक काम. दुसरं काम लोक विसरतात. टोपीच्या आत एक स्प्रिंग असते आणि ती ट्यूबला सतत सॉकेटमध्ये दाबून धरते.

माझ्या ॲम्पमधल्या व्ही२च्या, म्हणजे मी वाजवतो त्या रिव्हर्ब चॅनलच्या पहिल्या ट्यूबच्या, टोपीत ती स्प्रिंगच नव्हती. कधीतरी दुरुस्तीत हरवली असावी. सॉकेटचे कंगोरेही (पिनांना पकडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) पन्नासेक वर्षांच्या वापराने सैल पडले होते. ट्यूब बसवली की पहिले काही दिवस ती घट्ट राही. मग रोजचं तापणं-गार होणं, त्यात १२ इंची स्पीकरचा हादरा, आणि ट्यूब स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरके. मी टोपी काढली तेव्हा ती दीड-दोन मिलिमीटर बाहेर आलेली होती. अशी लोंबकळणारी ट्यूब टोपीच्या पत्र्याला टेकते, कॅबिनेटचा हादरा थेट काचेत घेते, शिवाय पिनांचा संपर्क कमी-जास्त होत राहतो. नवी ट्यूब आणली की ती पुन्हा घट्ट बसवली जाई, म्हणून महिनाभर आराम. मला वाटायचं नव्या ट्यूबने बरं झालं. बरं झालं होतं ते नव्याने दाबून बसवल्यामुळे.

तिसरी ट्यूब मात्र हेडमध्येही ‘टिंग’ करत होती. ट्यूबमधले प्लेट, ग्रिड, कॅथोड मायकाच्या (अभ्रकाच्या) पातळ चकत्यांमधल्या भोकांत अडकवलेले असतात. सतत हादरे बसले की ती भोकं मोठी होतात आणि आतली मांडणी सैल पडते. हे नुकसान परत भरून येत नाही. म्हणजे सैल सॉकेटमुळे एक चांगली ट्यूब मी खरोखर घालवली. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण १९६०च्या दशकातल्या त्या ट्यूब आता कोणी बनवणार नाही.

उपाय असा केला. मापाच्या, स्प्रिंग असलेल्या टोप्या बसवल्या. चॅसी उघडून, कॅपॅसिटर रिकामे करून, सॉकेटच्या नऊही कंगोऱ्यांना बारीक सुईने आतल्या बाजूला किंचित दाब दिला. सॉकेटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ट्यूब चार-पाच वेळा आत-बाहेर केली, म्हणजे गंज घासला जातो. स्पीकरच्या फळीचे आणि चॅसीचे स्क्रू आवळले, त्यातले दोन फिरत होते. तेव्हापासून दीड वर्षात एकही शिट्टी नाही.

पिना साफ करताना एक काळजी घ्या. जुन्या ट्यूबवरची छपाई फार नाजूक असते. अल्कोहोलचा बोळा काचेला लागला तर नाव पुसलं जातं, काहींचं तर नुसत्या बोटानेही. बोळा फक्त पिनांना लावा.

सिलिकॉनच्या रिंगांबद्दल नेहमी विचारलं जातं. त्या काचेचा नाद थोडा दाबतात आणि काठावरच्या ट्यूबला मदत करतात. आतून सैल झालेली ट्यूब त्यांनी सुधारत नाही, आणि रिंग घालण्यासाठी स्प्रिंगची टोपी काढून टाकायची असेल तर टांगलेल्या चॅसीत तो सौदा तोट्याचा आहे.

शिट्टी नाही, पण तडतड

पाऊस पत्र्यावर पडल्यासारखी किंवा कढईत मोहरी तडतडल्यासारखी तडतड असेल तर आधी संदर्भ-ट्यूब. तडतड जागेवरच राहिली तर माझा पहिला संशय प्लेटच्या १०० किलोओहम रेझिस्टरवर. जुन्या ॲम्पमध्ये तो कार्बन कॉम्पोझिशनचा असतो, वयाबरोबर गोंगाट करू लागतो, आणि तो पहिल्या टप्प्यावर असल्याने पुढचे सगळे टप्पे तो गोंगाट वाढवतात. त्या एका जागी मेटल फिल्म रेझिस्टर घातल्याने ॲम्पचा ‘जुना स्वभाव’ जातो असं मला कधी ऐकू आलेलं नाही.

व्हॉल्यूमचा पॉट (बटणामागचा फिरता रेझिस्टर) फिरवताना खरखर होते आणि क्लीनर मारूनही जात नाही, तेव्हा पॉटवर डीसी आलेला असतो. एक तर अलीकडचा कपलिंग कॅपॅसिटर गळतो आहे किंवा पलीकडच्या ट्यूबचा ग्रिड प्रवाह देतो आहे. जुन्या, थोडी हवा शिरलेल्या ट्यूबमध्ये हे दिसतं. ट्यूब बदलून खरखर गेली तर ट्यूब, नाहीतर कॅपॅसिटर.

गुणगुण

गुणगुणीचा सूर कुठला ते ऐका. वीजपुरवठ्याच्या वारंवारतेइतका, म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्झचा खोल सूर असेल तर हीटरकडे (कॅथोड तापवणाऱ्या तारेकडे) बघा. त्याच्या दुप्पट, जरा खरखरीत असेल तर फिल्टर कॅपॅसिटरकडे. जुन्या ट्यूबमध्ये हीटर आणि कॅथोड यांच्यामधलं रोधन कमकुवत झालेलं असू शकतं. साध्या जागेवर ते खपून जातं, कारण तिथे कॅथोड जमिनीपासून १-१.५ व्होल्टच वर असतो. कॅथोड फॉलोअर (सिग्नल प्लेटऐवजी कॅथोडवरून पुढे देणारा टप्पा) असलेल्या ॲम्पमध्ये, म्हणजे फेंडरचा जुना ट्वीड बासमन आणि त्यावरून आलेली मार्शलची घराणी, त्या जागेवर कॅथोड दीडशे व्होल्टच्या वर असतो. १२एएक्स७च्या माहितीपत्रकात हीटर-कॅथोड दाबाची मर्यादा १८० व्होल्टच्या आसपास दिलेली असते. म्हणून आपली सगळ्यात जुनी, सगळ्यात लाडकी ट्यूब कॅथोड फॉलोअरच्या जागी घालू नका. तिथे नवी, त्या कामाला योग्य म्हणून विकली जाणारी ट्यूब घाला.

ट्यूब सगळ्याच जागांवर लवकर थकत असतील तर हीटरचा दाब मोजून घ्या. सगळ्या ट्यूब बसवलेल्या असताना पिन ४-५ आणि पिन ९ यांच्यामध्ये ६.३ व्होल्ट एसी हवेत, दहा टक्के इकडे-तिकडे चालतात. कमी वीजदाबाच्या काळात बनलेलं ॲम्प आजच्या चढ्या वीजदाबावर चालवलं की हा आकडा ६.९च्या वर जाऊ शकतो.

आवाज मंद, दबलेला

‘ट्यूब थकली’ असा निकाल देण्याआधी कॅथोडचा २५ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर बघा. तो वाळला की १२एएक्स७च्या नेहमीच्या टप्प्याचा गेन साठाच्या आसपासवरून तिसाच्या आसपास येतो, म्हणजे निम्मा. कुठलीही व्हिंटेज ट्यूब हे भरून काढू शकत नाही.

मग ट्यूब निवडायची कशी

जागा दुरुस्त झाली की हा प्रश्न आनंदाचा होतो. १२एएक्स७ आरसीएने १९४७मध्ये विक्रीला आणली. युरोपात तिचं नाव ईसीसी८३, आणि अमेरिकेतली कमी गुणगुणीची आवृत्ती ७०२५. या ट्यूबमध्ये कारखान्यागणिक फरक असतो आणि तो ऐकू येतो, पण त्यातला मोठा भाग गेनचा आहे. जास्त गेनची ट्यूब थोडी मोठी वाजते आणि मोठं ते कानाला चांगलं वाटतं. म्हणून तुलना करताना लूपरवर एकच तुकडा रेकॉर्ड करून तोच वाजवा आणि प्रत्येक ट्यूबसाठी आवाजाची पातळी जुळवून घ्या. असं केल्यावर माझ्या कित्येक ठाम मतांमधली दोन-तीनच टिकली.

जे टिकलं त्यामागे कारण आहे. ट्यूबच्या ग्रिड आणि प्लेटमध्ये जेमतेम १.७ पिकोफॅरड धारिता असते, पण टप्प्याच्या गेनमुळे ग्रिडला ती साठपट होऊन, १०० पिकोफॅरडच्या वर जाणवते. इनपुटला, ६८ किलोओहमच्या मागे, याने बिघडत नाही. व्हॉल्यूमच्या १ मेगओहम पॉटनंतरच्या ट्रायोडला मात्र फरक पडतो. पॉट विद्युतदृष्ट्या मधोमध असताना तो २५० किलोओहमसारखा वागतो आणि ही धारिता साधारण ६ किलोहर्ट्झपासून वरचा भाग कापायला लागते. ‘ही ट्यूब उबदार आहे’ असं आपण म्हणतो त्यात पुष्कळदा गेन आणि धारितेचा हा हिशोब असतो. तो ट्यूबच्या ब्रँडमध्ये नसतो, त्या ट्यूबच्या त्या जागेवरच्या वागण्यात असतो.

पहिल्या जागेसाठी माझी पसंती आता ५७५१ला आहे. तिचा वर्धनांक (ट्यूब सिग्नल जास्तीत जास्त किती पट वाढवू शकते तो आकडा) ७०, १२एएक्स७चा १००. गेन थोडा उतरतो, शांतता वाढते, आणि ती औद्योगिक-लष्करी वापरासाठी बनल्यामुळे आतली बांधणी दणकट असते. काहींमध्ये तीन मायका असतात. हीटरला ३०० ऐवजी ३५० मिलिॲम्पिअर लागतात, ते बहुतेक ट्रान्सफॉर्मर सहज देतात. ज्यांना गिटारच्या व्हॉल्यूमवरून स्वच्छ ते भरड असं खेळायचं आहे त्यांनी १२एवाय७ जरूर वापरून पाहावी. वर्धनांक ४४च्या आसपास. ट्वीड डिलक्स आणि बासमनमध्ये पहिल्या जागेवर मुळात तीच होती, मार्शलने जेटीएम४५मध्ये तिथे ईसीसी८३ घातली आणि त्या एका बदलानेही चुरचुरीतपणा वाढला. १२एटी७ रिव्हर्ब चालवायला आणि फेज इन्व्हर्टरला उत्तम, पण १०० किलोओहमच्या पहिल्या टप्प्यावर ती मला कोरडी वाटते.

१२एएक्स७च घालायची असेल तर कॉम्बोच्या पहिल्या जागी आखूड प्लेटची निवडा. लांब प्लेटच्या जुन्या ट्यूबचं फार कौतुक होतं आणि हेडमध्ये ते योग्यही आहे. प्लेट लांब असली की हादऱ्याला हलायला जास्त जागा मिळते, आणि कॉम्बोमध्ये तिचं सौंदर्य ऐकण्याआधी तिची शिट्टी ऐकू येते. लांब प्लेटची ट्यूब पुढच्या टप्प्यावर ठेवा.

सॉकेटमध्ये बसते म्हणून ट्यूब चालते असं नाही. ईसीसी८८ आणि रशियन ६एन२पी याच नऊ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतात, पण त्यांचा हीटर ६.३ व्होल्टवर पिन ४ आणि ५ यांच्यात आहे आणि पिन ९ला आतला पडदा. १२एएक्स७च्या जागी त्या घालू नका.

नाव आणि काच

काचेवर छापलेलं नाव हा पुरावा नाही. कंपन्या एकमेकींच्या ट्यूब आपापल्या नावाने विकत, त्यामुळे एका नावाच्या खोक्यात दुसऱ्याची ट्यूब निघणं ही तेव्हाचीच रीत. खोदलेले किंवा बुडाशी कोरलेले संकेत जास्त विश्वासाचे. मलार्डच्या ब्लॅकबर्न कारखान्याच्या ईसीसी८३वर वरच्या ओळीत ‘आय६३’सारखा प्रकार आणि खाली ‘बी’ने सुरू होणारी ओळ असते. बी म्हणजे ब्लॅकबर्न, मग वर्षाचा शेवटचा आकडा, महिन्याचं अक्षर आणि आठवडा. फिलिप्सच्या हेर्लेन कारखान्याची खूण त्रिकोण. टेलिफुंकनच्या बुडाशी पिनांच्या मधोमध काचेतच हिरा उमटवलेला असतो. अमेरिकन ट्यूबवर कारखान्याचे आकडे सापडतात: २७४ आरसीए, १८८ जीई, ३१२ सिल्व्हेनिया, २८० रेथिऑन. आणि मलार्ड, टंग-सोल या नावांनी आज मिळणाऱ्या नव्या ट्यूब रशियातल्या सारातोव्हमध्ये बनतात. त्या वाईट नाहीत, फक्त त्या जुन्या नाहीत.

काचेच्या वरचा गेटरचा (उरलेली हवा शोषणाऱ्या धातूच्या थराचा) डाग चंदेरी हवा. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली आहे, ती ट्यूब संपली. टेस्टरवर ‘नव्यासारखी’ असा निकाल आला तरी त्यातून कळतं ते एवढंच की कॅथोड जिवंत आहे. गोंगाट आणि शिट्टी टेस्टरला ऐकू येत नाही. विकणाऱ्याला विचारायचा प्रश्न म्हणूनच वेगळा: ही गिटार ॲम्पच्या पहिल्या जागी लावून ऐकली आहे का, आणि माझ्याकडे टिंग करत असेल तर परत घ्याल का? दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्याकडून मी घेतो, मग त्याचे टेस्टरचे आकडे थोडे कमी का असेनात.

आलेल्या प्रत्येक ट्यूबची पहिली संध्याकाळ मी हेडमध्ये काढतो, दोन-तीन तास तापवत. मग कॉम्बोत, पेन्सिल घेऊन.

त्या तीन ट्यूबपैकी एक परत व्ही२मध्ये आहे, आता स्प्रिंगच्या टोपीखाली. दुसरी हेडमध्ये. तिसरी, खरोखर सैल झालेली, मी ट्रेमोलोच्या जागी लावली आहे. या आराखड्यात ती ट्यूब फक्त ट्रेमोलोची लय तयार करते, गिटारचा सिग्नल तिच्यातून जात नाही, त्यामुळे तिचं टिंग स्पीकरपर्यंत पोचत नाही आणि ट्रेमोलो सुरेख चालतो.